दार लावलं की म्हणतात, सून रागावली

‘काकू, मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २९. नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीसाठी मेडिकल कोडिंगचं काम करते, म्हणजे रुग्णांचे कागद वाचून आजार-उपचारांना ठरलेले कोड द्यायचे. लग्नाआधी नागपुरात खोली करून राहायची, लग्न झाल्यापासून घरूनच काम. सकाळी ९ ते संध्याकाळी ६. घरी सासू-सासरे, हे आणि आमची पावणेदोन वर्षांची मुलगी. शेतात कापूस, तूर, थोडी संत्र्याची बाग. घरून काम म्हणजे केवढी सोय, असं सगळ्यांना वाटते. मला मात्र घरचीही बोलणी बसतात आणि कंपनीचीही. मजुरांचा चहा, पाहुणे, मुलगी, लाईन जाणं, सगळं माझ्याच कामाच्या वेळात. दार लावून बसले तर सून रागावली म्हणतात. सासूबाई म्हणतात, “घरीच तं हायेस, लॅपटॉपच तं पाह्यते.” दोन महिने झाले, माझी अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली चालली आहे. आता कंपनीनं विचारलं आहे : आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला या, नाहीतर कायम घरून काम करण्याचं लिहून द्या. लिहून दिलं तर टीम लीडरसाठी नाव जाणार नाही आणि पगारातला घरभाड्याचा भाग कमी होईल. नागपूरला मनीषनगरात माझी आत्या राहते. हे म्हणतात, तुला पटते ते कर. काय करू?’

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. दोन दिवस नागपूरला जा. कायम घरून काम करण्याचं आत्ता लिहून देऊ नको. पण एक गोष्ट तुझ्या पत्रातूनच दिसते. कंपनीबद्दल तू तीन-चार ओळी लिहिल्यास, बाकी सगळं घराबद्दल. दोन दिवस तू नागपूरला गेलीस तरी तीन दिवस त्याच खोलीत, त्याच दाराआड बसायचं आहे. त्या तीन दिवसांचं काही केलं नाहीस तर नागपूरला जाऊन फक्त दमशील.

घरून काम वाईट, असं मी म्हणत नाही. नागपुरातलं खोलीभाडं, मेस, रोजचा ऑटो, सगळं वाचलं. मुलगी डोळ्यांसमोर वाढते आहे. खेड्यात दिलेल्या पोरींच्या नोकऱ्या लग्नाच्या अक्षतांबरोबरच जातात, तुझी टिकली. आणि तू लिहिलं नाहीस, पण मी समजून घेते : मृगाच्या तोंडावर बियाणं-खत आणायला तुझा पगार कामी आला असणार. कापसाचा पैसा हातात यायला दिवाळी उजाडते, खर्च मात्र जूनमध्येच उभा राहतो. ज्या घरात दर महिन्याला ठरावीक पैसा येतो, त्या घराला पीककर्ज उशिरा मिळालं तरी सावकाराकडे जावं लागत नाही. हे घरातल्या सगळ्यांना कळते. बोलून दाखवत नाहीत, इतकंच.

आता अचूकतेचं बघू. चीनमध्ये शांघायच्या एका प्रवास कंपनीनं २०१० च्या शेवटी सुरू करून नऊ महिने एक प्रयोग केला होता. सीट्रिप तिचं नाव. फोनवर बुकिंग घेणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतःहून तयारी दाखवली, त्यांतल्या अर्ध्यांना आठवड्याचे चार दिवस घरून काम दिलं, बाकीचे ऑफिसातच राहिले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. घरून काम चांगलं असं सांगणारे सगळे हाच १३ चा आकडा सांगतात. दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. पहिली, या प्रयोगात यायला स्वतःची स्वतंत्र खोली असणं ही अटच होती. दुसरी, त्या १३ मधले ९ टक्के निव्वळ जास्त वेळ बसल्यामुळे आले, कारण घरी बसणारे कमी वेळा उठले आणि कमी रजा घेतल्या. कामाचा वेग वाढून आले ते फक्त ४. म्हणजे ज्याला घरी न उठता बसता येते, त्याला घर मानवते. तू दर वीस मिनिटांनी उठतेस. रुग्णाचा अर्धा कागद वाचून उठायचं, चहा टाकायचा, परत येऊन तोच कागद पहिल्यापासून वाचायचा. यात ९५ टक्के टिकत असतील तर मला नवल वाटेल. डोकं कमी पडते आहे असं मनात आणू नको.

तर खोली. दार लावलं की सून रागावली म्हणतात, हे वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आपल्या गावांत दिवसा दार लावायची रीतच नाही. दार लावते ती आजारी बाई, नाहीतर रुसलेली. त्यामुळे ‘मला डिस्टर्ब होते’ हे कारण सासूबाईंना पटणार नाही, त्यांना तो टोमणाच वाटेल. तुझ्याजवळ याहून भक्कम कारण आहे आणि ते खरंही आहे. तू वाचतेस ते लोकांच्या आजारांचे कागद आहेत. ते बहुधा अमेरिकेतल्या रुग्णांचे असणार, आणि तिथे १९९६ पासून त्यासाठी हिपा नावाचा कायदा आहे. रुग्णाची माहिती परक्याच्या नजरेस पडू द्यायची नाही, हे तुमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं असेल. म्हणजे उघड्या दारात, मागून पाहुणे जाता-येता बघतात अशा जागी तू बसतेस, हे कंपनीच्या नियमात बसतच नाही. घरात असं सांग : कोणा बाईला कोणता आजार आहे ते या कागदावर लिहिलेलं असते, ते दुसऱ्यानं पाहिलं तर माझी नोकरी जाईल. गावातल्या बाईला दुसऱ्याच्या आजाराची लाज राखणं बरोबर समजते. तिच्या स्वतःच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या ती गादीखालीच ठेवते.

पण हे तू सांगायचं नाहीस. तुझ्या नवऱ्यानं सांगायचं. ‘तुला पटते ते कर’ हे ऐकायला छान वाटते, पण त्यात त्यानं स्वतःचे हात झटकले आहेत, हे तुलाही कळलं असेल. कंपनीला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव, ठीक. घरात नऊ ते सहा तुला कोणी हाक मारायची नाही, हे मात्र त्याच्याच तोंडून, त्याच्या आईसमोर, सासऱ्यांच्या देखत यायला पाहिजे. सून बोलली तर तो वाद होतो. मुलगा बोलला तर दोन दिवस धुसफूस होते आणि मग ते चालू होते. त्याला एकच गोष्ट विचार. शेजारची बाई रोजानं वेचणीला गेली तर दुपारी दोन वाजता तिला कोणी बोलावून आणते का, की ये बाई, पाहुणे आले, चहा टाकून दे? नाही आणत. ती कामाला गेली आहे, हे गावाला मान्य आहे. तूही कामाला गेलेली असतेस, दार तेवढं घरातलंच आहे.

सासूबाईंच्या बाजूनंही एक सांगते, राग मानू नको. तू नऊ तास खोलीत असतेस तेव्हा पावणेदोन वर्षांच्या पोरीला कोण सांभाळते? पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही, म्हणजे त्याच सांभाळत असणार. त्या वयाच्या लेकराच्या मागे नऊ तास धावणं म्हणजे काय, ते त्यांच्या गुडघ्यांना विचार. त्यांचंही काम घरूनच चालते, आणि त्यांना ना पगार ना सुट्टी. ‘लॅपटॉपच तं पाह्यते’ या बोलण्यामागे थोडा हाही राग असेल. सहा वाजता लॅपटॉप मिटलास की मुलगी आणि चूल तुझ्याकडे घे आणि त्यांना म्हण, आता तुम्ही निघा, देवळात जा, ओट्यावर बसा. हे रोज, न चुकता झालं तर दिवसा दार लावल्याचा राग निम्मा होईल. आणि भांडी-झाडलोटीला तुझ्या पगारातून बाई लाव. वेचणीच्या दिवसांत ती मिळणार नाही, किलोच्या हिशोबानं मजुरी सुटत असते तेव्हा कोणी भांडी घासायला का येईल? त्या दोन-तीन महिन्यांसाठी वेगळं ठरवा. मजुरांचा चहा सकाळी आठलाच करून मोठ्या थर्मासमध्ये भरून शेतात गेला पाहिजे. तो नेणं हे तुझ्या नवऱ्याचं काम. शेतात तो जातोच आहे.

सणांचं आताच ठरवून टाक. कंपनीच्या यादीत पोळा नसणार, महालक्ष्म्या तर नाहीतच. घरी आहेस म्हणून काम करता-करता पुरण वाटीन, सोळा भाज्या चिरीन, असं मनात आणू नको. दोन्ही बिघडते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सरळ रजा टाक, आणि ती महिनाभर आधी. पोळ्याला अर्धा दिवस पुरतो, बैल संध्याकाळीच निघतात; तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी, तोही संध्याकाळीच.

आता लाईन. कृषी पंपांची थ्री फेज आणि गावठाणाची लाईन वेगळी असली तरी मे महिन्यातल्या वादळात दोन्ही सारख्याच झोपतात. इन्व्हर्टर घरात असेल तर त्यावर काय चालवायचं याचा हिशोब कर. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात हजार-बाराशे धर. लॅपटॉप साठ वॅट, राउटर बारा-पंधरा, एक पंखा सत्तर. एवढ्यावर सात-आठ तास निघतात, म्हणजे तुझा जवळजवळ पूर्ण दिवस. त्यावर कूलर लावला, किंवा बैठकीतला टीव्ही, दोन पंखे आणि सासऱ्यांचं मोबाईल चार्जिंग जोडलं, की दुपारीच बॅटरी बसते. इन्व्हर्टरची वायर तुझ्या खोलीपुरती वेगळी काढून घे, वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. टिनाची खोली असेल तर उन्हाळ्यात तिथे बसूच नको. पारा ४५ ला गेला की माणूस आणि लॅपटॉप दोघंही तापतात, आणि तापलेला लॅपटॉप आपोआप हळू चालतो. स्लॅबच्या, उत्तरेकडच्या खोलीत जागा कर. कूलरचं ओलं वारं थेट मशीनवर येऊ देऊ नको. ढग गडगडायला लागले की राउटरचा अडॅप्टर काढून ठेवायचा, बंद करून भागत नाही. फायबरच्या वायरवर माकडं झोका घेतात आणि ती तुटते, मग दुरुस्तीवाला दोन दिवसांनी येतो, हे तुला मी काय सांगू! त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घरातल्या एकाच्या फोनमध्ये कायम भरलेलं ठेव. आणि पलंगावर बसून काम करत असशील तर आजच सोड. चाळिशीत कंबर बोलते तेव्हा ही वर्षं आठवतात. नवं टेबल घ्यायलाच पाहिजे असं नाही, खुर्चीवर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत पाहिजे. खाली जाड पुस्तकं ठेवलीस तरी चालते.

नागपूरला का जायचं, ते आता सांगते. मघाच्या त्याच शांघायच्या प्रयोगात आणखी एक दिसलं होतं. घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसातल्यांइतकंच चांगलं काम केलं, तरी बढती मिळण्याची त्यांची शक्यता कमी राहिली. साहेबाच्या डोळ्यांसमोर नसलेला माणूस त्याच्या आठवणीतही मागे पडतो. प्रयोग संपल्यावर घरून काम करणाऱ्यांतले बरेच जण आपणहून ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्यांच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं. तुझ्या पत्रात एकटेपणा हा शब्द नाही, पण एवढ्या लांब पत्रात तू एकाही मैत्रिणीचा उल्लेख केला नाहीस, ते माझ्या लक्षात आलं. पुढे त्याच कंपनीनं, तेव्हा तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं होतं, १६१२ लोकांवर दुसरा प्रयोग केला. तो २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. दोन दिवस घर आणि तीन दिवस ऑफिस अशी विभागणी होती. नोकरी सोडणं ३३ टक्क्यांनी कमी झालं, आणि या वेळी बढतीत काही फरक पडला नाही. तुझं उलटं आहे, तीन दिवस घर, दोन दिवस ऑफिस, त्यामुळे तो हिशोब तुला जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण अधूनमधून समोर दिसणारी बाई आणि कधीच न दिसणारी बाई यांत कंपनी फरक करते, हे तुझ्या कंपनीनं तर लिहूनच कळवलं आहे. २९ व्या वर्षी टीम लीडरची वाट स्वतःच्या सहीनं बंद करू नको.

रोज येणं-जाणं मात्र करायचं नाही. तुमच्या गावाहून आर्वी, तिथून तळेगाववरून नागपूर, आणि नागपुरात शिरल्यावर मिहान दुसऱ्या टोकाला. एका दिवसात जाऊन-येऊन सहा-सात तास रस्त्यावर जातील. पुलगाव-आर्वी छोटी रेल्वेगाडी बंद होऊन जमाना झाला, त्यामुळे आधार एस.टी.चाच. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तेवढा खर्च कमी. कंपनीला सांग, दोन दिवस लागोपाठचे द्या. पहिल्या दिवशी पहाटेची गाडी, रात्री आत्याकडे, दुसऱ्या दिवशी ऑफिस करून संध्याकाळची गाडी. मनीषनगरहून मिहान जवळ पडते. आत्याकडे महिन्यातून चार-पाच रात्री राहणार असशील तर तिच्या घरात काहीतरी देत जा, नुसती पाहुणी म्हणून गेलीस तर सहाव्या महिन्यात तिलाही जड होईल.

घरभाड्याच्या पैशाची फार चिंता करू नको, पण विचारून घे. घरभाडे भत्त्यावरची करसूट जुन्या करपद्धतीत मिळते, आणि तीही खरंच भाडं भरत असशील तर. तू सासरच्या घरात राहतेस, म्हणजे ती तुला आताही मिळत नाही. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे करासाठी हा भाग वाचवायची गरज नाही. प्रश्न हातात येणाऱ्या रकमेचा आहे. भत्ता कमी करणार म्हणजे किती, मूळ पगार तोच राहणार का (पी.एफ. त्यावर कापला जातो), इंटरनेट-विजेचे काही पैसे देणार का, हे लेखी माग. फोनवर एच.आर.ची मुलगी गोड बोलते. त्यावर विसंबू नको.

मेल साधा कर. दोन दिवस यायला तयार आहे, लागोपाठचे दिवस हवेत, तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी पुन्हा बघू, आणि त्या वेळी मला पर्याय बदलता यावा. एवढंच. घरातल्या अडचणी त्यात लिहू नको. आणखी एक विचार : ऑफिसात पाळणाघर आहे का? पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय ठेवणं २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे, आणि दिवसातून चार वेळा आईला तिथं जाता येते. बऱ्याच कंपन्या कोणी विचारेपर्यंत गप्प राहतात.

हे शेवटी लिहिते, कारण तू ते लिहिलंच नाहीस : मुलगी अजून रात्री अंगावर पिते का? पीत असेल तर पहिले एक-दोन महिने तिला सोबतच ने. दिवसा पाळणाघर किंवा आत्या, रात्री तुझ्याजवळ. तसं असेल तर आत्याला कंपनीच्या आधी फोन कर.